हाणामारीच्या प्रसंगातून माणूस कसा दिसावा?

अर्धविराम

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एका कादंबरीवर काम करत आहे. तिच्या मध्यावर दोन सख्ख्या भावांची मारामारी आहे आणि सगळी कादंबरी त्या प्रसंगावर तोललेली आहे. वडील गेल्यावर थोरल्याने धाकट्याला वाढवले, आणि आता धाकट्याला कळले आहे की वडिलांचे शेवटचे पत्र थोरल्याने अकरा वर्षे लपवून ठेवले होते. हस्तलिखित तीन जणांनी वाचले. ही साडेचार पाने आपण चाळून पुढे गेलो, असे तिघांनीही प्रामाणिकपणे सांगितले. नमुना देते:

"थोरल्याने उजव्या हाताने ठोसा मारला. धाकट्याने तो चुकवला आणि डावा पाय पुढे टाकून त्याच्या पोटात गुडघा घातला. थोरला मागे कोलमडला, पण लगेच सावरून त्याने धाकट्याची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आदळले."

काल मी एक प्रयोग केला. या पानांत थोरल्याच्या जागी धाकटा आणि धाकट्याच्या जागी थोरला असे घालून पाहिले. काहीही बिघडले नाही, आणि त्यामुळे मला रात्रभर झोप लागली नाही. ज्या दोन माणसांना मी दोनशे पाने घडवले, ती मारामारी सुरू होताच फक्त हात आणि पाय उरतात.

कथा-कादंबरीत किंवा चित्रपटात मारामारीतून माणसाचा स्वभाव नेमका कशामुळे दिसतो? तुमच्या मनात राहिलेले प्रसंग आणि ते का राहिले, हे वाचायला आवडेल.

तिसरा_प्रहर

अदलाबदलीची ही कसोटी मी उचलणार आहे. ज्या प्रसंगात ती करताच येत नाही, असा एक सांगतो.

अकिरा कुरोसावा यांच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४) या चित्रपटात क्यूझो नावाचा तलवारबाज पहिल्यांदा दिसतो तो एका सामन्यात. आधी दोघे काठ्यांनी लढतात. प्रतिस्पर्धी म्हणतो की बरोबरी झाली. क्यूझो शांतपणे सांगतो की खरी तलवार असती तर तू मेला असतास. अपमान झालेला तो माणूस खऱ्या तलवारीने लढायचा हट्ट धरतो, क्यूझो त्याला परावृत्त करू पाहतो, आणि शेवटी तेच पवित्रे, तेच अंतर, तीच हालचाल पुन्हा होते. माणूस कोसळतो. लढत दोनदा होते, दोन्ही वेळा जवळजवळ सारखी, आणि म्हणूनच आपले लक्ष तलवारीवर न राहता त्या दोघांवर जाते. एकाला सत्य माहीत आहे आणि ते सिद्ध करण्याची त्याला गरज वाटत नाही. दुसऱ्याला ते मान्य करण्यापेक्षा मरण सोपे वाटते.

पुढे हाच क्यूझो रात्री एकटा जातो, दरोडेखोरांची एक बंदूक घेऊन परततो, किती मारले ते एका वाक्यात सांगतो आणि झोपायला बसतो. त्याचे कौतुक झालेले त्याचा साथीदार किकुचियो याला सहन होत नाही. तो आपली जागा सोडून दुसरी बंदूक आणायला जातो आणि नेमका त्याच वेळी त्याने सोडलेल्या जागेवर हल्ला होतो. पराक्रम एकच, पण एकाला तो काम वाटतो आणि दुसऱ्याला शाबासकी मिळवण्याची संधी. इथे नावे बदलून पाहा. चित्रपट मोडून पडेल.

आडवळण

धाग्याच्या गृहीतकालाच माझा विरोध आहे. प्रत्येक मारामारीतून स्वभाव दिसलाच पाहिजे, हा आग्रह कशासाठी? उत्तम नृत्य पाहताना नर्तकीच्या बालपणाबद्दल काही कळावे अशी आपली अपेक्षा नसते. शरीराचे कौशल्य, लय, अंतराचा अंदाज, पडणे आणि उठणे यांत स्वतंत्र आनंद आहे. जॅकी चॅन यांची मारामारी मी शंभर वेळा पाहिली असेल, आणि ती मानसशास्त्रासाठी पाहिलेली नाही. लेखक मंडळी शरीराला नेहमी मनाची दासी बनवू पाहतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

काजवा

आडवळण, शरीराच्या आनंदाबद्दल पूर्ण सहमत, पण उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. जॅकी चॅन ठोसा मारल्यावर पुष्कळदा आपलाच हात झटकतात, कारण त्यांनाही लागलेले असते. 'फर्स्ट स्ट्राइक' (१९९६) मधली शिडीची मारामारी आठवा. त्या माणसाला लढायचे नसते, त्याला निसटायचे असते, आणि हाताला लागेल ती वस्तू तो ढाल म्हणून वापरतो. मूकपटांतले विनोदी नट बस्टर कीटन यांचा आपल्यावरचा प्रभाव त्यांनी स्वतः सांगितलेला आहे, आणि तो इथे स्पष्ट दिसतो: जगातल्या वस्तू अंगावर येत असताना कसाबसा तोल सावरणारा साधा माणूस. ब्रूस ली यांच्या चेहऱ्याने हीच शिडीची मारामारी करून पाहा, होणार नाही. म्हणजे कौशल्य पाहताना तुम्ही शंभर वेळा स्वभावच पाहत होता.

आडवळण

हात झटकण्याचा मुद्दा मान्य. त्याच्याकडे मी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. मूळ आग्रहाबद्दलचे मत मात्र तूर्त राखून ठेवतो.

मध्यमपदलोपी

इतक्या दूर कशाला जायचे? महाभारतातले भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण शल्यपर्वात ते सलग वाचले तेव्हा मी थक्क झालो. कारण त्यात गदेच्या प्रहारांपेक्षा माणसांचे निर्णय जास्त आहेत.

युधिष्ठिर उदारपणाच्या भरात दुर्योधनाला सांगून बसतो की आमच्यापैकी कोणत्याही एकाशी लढ आणि जिंकलास तर राज्य तुझे. कृष्ण त्याच्यावर संतापतो, कारण दुर्योधनाने नकुल किंवा सहदेवाचे नाव घेतले असते तर अठरा दिवसांचे युद्ध एका वाक्यात वाया गेले असते. दुर्योधन मात्र दुबळा प्रतिस्पर्धी निवडत नाही. त्याच्या साऱ्या दुष्टपणात हा ताठपणा खरा आहे आणि तोच त्याचा घात करतो. कृष्ण अर्जुनाला सांगतो की बळ भीमाचे अधिक आहे, पण अभ्यास दुर्योधनाचा. भीमाची लोखंडी मूर्ती करून त्याने तेरा वर्षे तिच्यावर सराव केलेला आहे. या एका तपशिलात केवढा द्वेष आणि केवढी चिकाटी आहे, ते पाहा.

मग अर्जुन स्वतःच्या मांडीवर थाप मारतो, भीम समजतो, मांडी फुटते. नाभीच्या खाली प्रहार करायचा नाही हा नियम मोडतो. दोघांचाही गुरू असलेला बलराम नांगर उगारून धावतो आणि कृष्ण त्याला कवेत धरून थांबवतो. पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकावर भीम डावा पाय ठेवतो आणि युधिष्ठिर त्याला आवरतो. लढत दोघांची आहे, पण ती संपते तेव्हा आपण सहा जणांना ओळखू लागलेलो असतो. अर्धविराम, तुमच्या साडेचार पानांत खोलीत तिसरे कोणी आहे का?

अर्धविराम

नाही, दोघेच आहेत. पण तुमच्या प्रश्नाने एक गोष्ट लक्षात आली: वडिलांचे पत्र त्या वेळी टेबलावरच पडलेले आहे आणि साडेचार पानांत मी त्याचा एकदाही उल्लेख केलेला नाही.

निदान

मी अपघात विभागात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे मारामारीनंतरची माणसे पुष्कळ पाहिली आहेत. कथांमध्ये जे क्वचित दिसते ते सांगते.

नुसत्या मुठीने डोक्यावर किंवा जबड्यावर मारणाऱ्याचा स्वतःचाच हात मोडतो, हे फार नेहमीचे आहे. करंगळीच्या मागचे तळहातातले हाड मुडपते आणि मुठीचा उंचवटा खचलेला दिसतो. दातावर मूठ आपटून झालेली छोटीशी जखम मोठी चिघळते. भीती आणि संताप यांनी हृदयाचे ठोके वाढतात, बोटांची बारीक हालचाल जमेनाशी होते, नजर समोरच्या एका ठिपक्यावर खिळते, आजूबाजूचे आवाज येईनासे होतात. पुष्कळांना वेदना नंतर कळते. हात थरथरायला लागतात तेही सारे संपल्यावर. आणि खरी झटापट सहसा काही सेकंदांची असते. तेवढ्यात माणसाला धाप लागते.

आता स्वभावाबद्दल. माझ्यासमोर एकदा दोन मित्र आले होते, एकमेकांनीच मारलेले. एकाचा हात मोडला होता, दुसऱ्याची भुवई फाटली होती. मी टाके घालत असताना हात मोडलेला माणूस पडद्यापलीकडून तीन वेळा विचारत होता, "त्याच्या डोळ्याला तर काही झाले नाही ना?" ज्याच्यासाठी तो विचारत होता, तो एकदाही काही बोलला नाही. त्यांचे भांडण कशावरून झाले ते मला आजही माहीत नाही, पण त्या दोघांबद्दल मला पुरेसे कळले होते. म्हणून मला वाटते की मारामारीचा प्रसंग शेवटच्या ठोशाशी थांबवू नये. नंतरच्या पाच मिनिटांत माणूस जास्त उघडा असतो.

पडद्यामागे

मी रंगमंचावरच्या मारामाऱ्या बसवतो. आमच्या कामातला एक नियम बाहेरच्यांना माहीत नसतो: हल्ला कोणाचाही असो, नियंत्रण नेहमी मार खाणाऱ्याच्या हातात असते. केस धरून फरफटत नेण्याचे दृश्य घ्या. नेणारा मूठ केसांवर नुसती ठेवतो. ज्याचे केस धरले आहेत तो दोन्ही हातांनी त्याचे मनगट आपल्या डोक्याशी घट्ट धरतो आणि स्वतः सरकतो. प्रेक्षकाला वाटते की तो सुटू पाहतो आहे. प्रत्यक्षात सगळे वजन आणि वेग त्याच्याकडे असतो.

हा नियम सुरक्षिततेसाठी आहे, पण त्याने मला नाट्यही शिकवले. प्रेक्षक मारणाऱ्या हाताकडे क्षणभरच पाहतो आणि लगेच मार बसलेल्या चेहऱ्याकडे वळतो. त्याला धक्का बसला, की त्याला हे अपेक्षितच होते? तो मारणाऱ्याकडे पाहतो, की कोणी पाहिले का ते पाहतो? एका तालमीत मी नटाला सांगितले होते की तू वळ, म्हणजे पाठीमागून वार घेता येईल. तो थांबला आणि म्हणाला, "पण मी या माणसाकडे पाठ का फिरवीन? मी याला घाबरतो." तो बरोबर होता आणि मी चुकलो होतो. आम्ही सगळी रचना बदलली. भित्रा माणूस भिंतीला पाठ लावून सरकत राहिला आणि शेवटी कोपऱ्यात अडकला. वार तोच, पण आता तो त्या माणसाच्या भीतीतूनच ओढवला होता.

तुमच्या नमुन्यात, अर्धविराम, प्रत्येक वाक्य मारणाऱ्याचे आहे. मार बसल्यावर कोणाला काय वाटले ते कुठेच नाही.

संकलक_एक

चित्रपटाच्या बाजूने थोडे सांगतो. स्वभाव नटाच्या अंगात असला तरी तो आपल्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे कॅमेरा आणि संकलन ठरवतात. प्रत्येक ठोशाला कट मारला की जोर वाढल्यासारखा वाटतो, पण कोण थकले, कोण कचरले, कोणी संधी असून मारले नाही, हे सगळे दोन कटांच्या फटीत हरवते.

पार्क चान-वूक यांच्या 'ओल्डबॉय' (२००३) मध्ये नायक हातोडी घेऊन अरुंद बोळात घोळक्याशी लढतो आणि कॅमेरा न तुटता आडवा सरकत राहतो. त्यात कोणतीही चपळाई नाही. माणसे धापा टाकतात, वाकून गुडघ्यांवर हात ठेवतात, पाठीत सुरा रुतलेला नायक पुन्हा उठतो. मध्ये कट नसल्यामुळे आपल्याला त्याचे कौशल्य जाणवत नाही, हट्ट जाणवतो, आणि पंधरा वर्षे कोंडलेल्या माणसाजवळ दुसरे उरलेले तरी काय असणार?

याच्या उलट मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'रेजिंग बुल' (१९८०). तिथे कट पुष्कळ आहेत, कॅमेरा मुष्टियोद्ध्यांबरोबर दोरांच्या आत आहे, आणि रिंगणाचा आकारसुद्धा लढतीनुसार लहानमोठा केलेला आहे. नायकाला जग जसे वाटते तसे रिंगण दिसते. शेवटच्या लढतीत तो दोरांना टेकून जवळजवळ मागून घेतल्यासारखा मार खातो आणि मग जिंकलेल्या प्रतिस्पर्ध्याजवळ जाऊन त्याला ऐकवतो की तू मला खाली पाडू शकला नाहीस. घरी बायकोवर आणि भावावर हात उगारणारा हा माणूस स्वतःला शिक्षा करून घेत आहे, हे इथे कोणी बोलून दाखवत नाही.

वळीव

'कॅसिनो रोयाल' (२००६) मधला पाठलाग! पुढे पळणारा माणूस भिंतीवरच्या अरुंद फटीतून अलगद पलीकडे झेपावतो आणि मागचा बाँड ती भिंतच फोडून बाहेर येतो. अर्ध्या मिनिटात नव्या बाँडची ओळख झाली.

ओळीमधली_जागा

चर्चा चित्रपटाकडे झुकली आहे, म्हणून गद्याकडे परत येते. पडद्यावर शरीर आयते असते. नट उभा राहिला की त्याच्या खांद्यांची ठेवणसुद्धा बोलते. गद्यात लेखकाने लिहिले तेवढेच शरीर असते, आणि प्रत्येक हालचाल लिहायला ती करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणूनच चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली मारामारी कागदावर मरते. अर्धविराम यांचा नमुना मला तसाच वाटतो. मनात चाललेल्या चित्रपटाची ती नोंद आहे.

पण गद्याजवळ असे काही आहे जे कॅमेऱ्याजवळ नाही. ते वेळ हवा तसा ताणू शकते आणि कवटीच्या आत जाऊ शकते. होमरच्या 'इलियड'च्या बाविसाव्या सर्गात ट्रॉय नगराचा वीर हेक्टर वेशीबाहेर एकटा ग्रीक योद्धा अकिलीसची वाट पाहत उभा असतो. तटावरून आईवडील विनवत असतात. तो मनाशी बोलतो: आत गेलो तर लोक मला बोल लावतील, कारण माझ्याच हट्टाने सैन्य बुडाले. शस्त्रे ठेवून तडजोड करावी का, असाही विचार तो करतो आणि सोडून देतो. इतके सगळे ठरवून उभा राहिलेला हा वीर अकिलीस जवळ येताच पळत सुटतो. नगराला तीन फेऱ्या होतात. थांबतो तो केव्हा? भाऊ मदतीला आला असे वाटते तेव्हा. तो भाऊ म्हणजे वेष पालटलेली देवता असते, आणि भाला मागायला वळल्यावर तिथे कोणी नसते. आता आपण मरणार हे कळल्यावर मात्र तो तलवार उपसून पुढे धावतो. प्रत्यक्ष झुंज अगदी थोडी आहे. तरी युद्धकथांतला सर्वांत माणूस वाटणारा माणूस मला हाच वाटतो, कारण त्याने ठरवलेले आणि त्याच्या पायांनी केलेले यांच्यातले अंतर कवीने झाकले नाही.

आणखी एक. मारामारी लिहिताना वाक्ये छोटी ठेवावीत, हा उपदेश सगळीकडे केला जातो. तो नेहमी लागू पडत नाही. वर 'निदान' यांनी सांगितलेली खिळलेली नजर, बंद पडलेले कान आणि एका क्षणात साचलेले सगळे भान लिहायचे असेल, तर श्वास न सोडणारे एक लांब वाक्य दहा तुटक वाक्यांपेक्षा खरे उतरते.

आडवळण

हेक्टरच्या तीन फेऱ्या वाचून माझे मत थोडे सरकले आहे. तरीही सांगतो की शस्त्राकडे दुर्लक्ष करू नका, कारण कशाने लढतो यातही माणूस असतो. 'रॉब रॉय' (१९९५) मधले शेवटचे द्वंद्व विल्यम हॉब्ज यांनी बसवले होते. एकाकडे जड रुंद पाते, दुसऱ्याकडे सडपातळ चपळ तलवार. चपळ माणूस दमलेल्या प्रतिस्पर्ध्याला खेळवत राहतो, त्याला जखमांची चटक आहे. आणि अगदी शेवटी, तलवार गळ्याशी असताना, रॉब ते पाते उघड्या हाताने घट्ट पकडून ठेवतो आणि दुसऱ्या हाताने एकच घाव घालतो. कौशल्यात तो हरलेलाच आहे. सोसण्यात मात्र त्याला कोणी हरवू शकत नाही. हे तंत्र बाजूला काढले तर स्वभावही उरत नाही, एवढेच मला म्हणायचे होते.

पडद्यामागे

आडवळण, हे उदाहरण मी शिकवताना नेहमी देतो. त्याला मी एकच शब्द जोडतो, तो म्हणजे किंमत. पाते धरणाऱ्या हाताचे काय होणार हे त्याला माहीत आहे. जो माणूस जिंकण्यासाठी काय मोजायला तयार आहे हे दिसते, तो माणूस दिसतो.

उंबरठा

आणि काय मोजायला तयार नाही तेही. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) मध्ये शू लियन एकामागून एक शस्त्रे उचलते आणि धाकट्या जेनच्या हातातली अद्भुत तलवार ती सगळी कापत जाते. शेवटी तुटक्या पात्याचे टोक शू लियन जेनच्या गळ्याशी आणते आणि तिथेच थांबवते. ती मारत नाही. त्याच क्षणी जेन तिच्या दंडावर वार करते. एकीने हात थांबवला, दुसरीने त्याचा फायदा घेतला. न मारलेला वार त्या लढतीतला सर्वांत मोठा वार आहे.

मध्यमपदलोपी

'शोले'चे (१९७५) कोणी नाव घेतले नाही याचे नवल वाटते. हात तोडलेला ठाकूर गब्बरशी पायांनी लढतो. मूळ शेवटात तो गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो शेवट बदलून पोलीस येतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो, असे करावे लागले. मी दोन्ही शेवट पाहिले आहेत. मारहाण तीच, पण शेवटचा निर्णय बदलल्यावर ठाकूर निराळा माणूस होतो. एका शेवटात सूडाने त्याला पार रिकामे केले आहे, दुसऱ्यात कोणीतरी त्याच्यातल्या जुन्या पोलीस अधिकाऱ्याला वेळेवर हाक मारली आहे. कोणता खरा, यावर इथे स्वतंत्र धागा होऊ शकेल.

तिसरा_प्रहर

तो धागा जरूर काढा. पण आधी अर्धविराम यांना एक विचारतो. काही महिन्यांपूर्वी तुम्ही इथे दुसरे प्रकरण वाचायला दिले होते. त्यात धाकटा झाडावरून पडतो आणि त्याचा डावा खांदा निखळतो. थोरल्याने खाली उभे राहून झेलायचे ठरले होते आणि तो ऐन वेळी दुसरीकडे पाहत होता. या मारामारीत त्या खांद्याचे काय होते?

अर्धविराम

काहीच होत नाही. मी विसरले होते. हे लिहिताना हात थांबला आहे.

निदान

खांदा असेल तर एक उपयोगी माहिती देते. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते. हात बाजूने वर उचलला गेला आणि त्याच वेळी बाहेरच्या दिशेने मागे पिळला गेला, की तो सुटू शकतो. ज्याला हा त्रास आहे त्याला ती स्थिती आधीच ओळखू येते आणि चेहऱ्यावर एक विशिष्ट धास्ती उमटते. आम्ही तपासतानाही तीच पाहतो. लहानपणापासून जवळ असलेल्या भावालाही ती नक्की ओळखता येईल.

अर्धविराम

तीन दिवसांनी परत आले. साडेचार पानांचे दीड पान झाले आहे. मधला भाग देते:

"धाकट्याने मारायला उचललेला डावा हात थोरल्याने हवेतच मनगटाशी धरला आणि जोराने मागे रेटला, आणि कोपर खांद्याच्या वर गेले तेव्हा त्याला समोरच्या चेहऱ्यावर ती जुनी धास्ती दिसली, ओठ दाबून श्वास रोखलेली, नऊ वर्षांच्या मुलाची. आणखी वीतभर रेटले असते तर सगळे तिथेच संपले असते. थोरल्याने मनगट सोडले. हात अलगद खाली येऊ दिला.

धाकट्याला कळले. 'सोडलेस का?' तो म्हणाला. उत्तर आले नाही. 'आता आठवतोय का खांदा?' आणि त्याच हाताने, जो आता सोडून दिलेला होता, त्याने भावाच्या तोंडावर मारले. थोरल्याने तो चुकवला नाही. टेबल हलले, पत्र घसरून जमिनीवर पडले, आणि दोघांचेही पाय एकदम मागे सरले. आपण वडिलांवर पाय तर देणार नाही ना, या भीतीने ते दोघे एकाच वेळी पुन्हा लहान झाले होते."

थोरल्याची दया धाकट्याला मारापेक्षा जास्त लागते, हे मला स्वतःलाही लिहीपर्यंत माहीत नव्हते. नावे बदलून पाहिली. आता बदलत नाहीत.

काजवा

पाय मागे सरतात तिथे अंगावर काटा आला.

पडद्यामागे

थोरला ठोसा चुकवत नाही, ते एक वाक्य मला सगळ्यांत आवडले. आता मार घेणाऱ्याच्या हातात प्रसंग आला आहे.

आडवळण

मनापासून अभिनंदन. वीतभर हा शब्द नेमका आहे, कारण अंतर दिसल्याशिवाय सोडण्याचे मोल कळले नसते. माझा मूळ विरोध मी मागे घेत नाही, पण या दोन भावांपुरता तो लागू नाही.

ओळीमधली_जागा

एक सूचना करू का? शेवटचे वाक्य गरजेचे आहे का ते पाहा. पाय एकदम मागे सरले, इथे वाचकाला सगळे दिसते. त्यानंतर भीती आणि लहान होणे तुम्ही समजावून सांगता आहात. आणि 'नऊ वर्षांच्या मुलाची' हे वर येऊन गेलेच आहे.

निदान

अनुमोदन. आणि थोरल्याचा ओठ दातांवर फाटला असेल. पुढच्या पानावर त्याला बोलताना त्रास होऊ द्या.

अर्धविराम

शेवटचे वाक्य काढले. ओठाचेही लिहिते आहे. पत्र उचलायला आधी कोण वाकते, तेवढे अजून ठरत नाही.